नवशिक्याचा प्रश्न परत पाठवण्यात येत आहे

रविवारी दुपारी जेवण झालं की शहाणी माणसं आडवी होतात. संपादक त्या रविवारी आडवे झाले असते, तर बऱ्याच माणसांची, आणि एका कुत्र्याची, पुढची सगळी धावपळ टळली असती.

संपादक म्हणजे वर्तमानपत्राचे संपादक नव्हेत. पोटापाण्यासाठी ते पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघत. पण एका खुल्या डेटाबेसच्या वापरकर्त्यांचं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाचं मासिक बातमीपत्र ते चालवत. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. कुठल्या खणात काय ठेवलंय, ते विचारलं की कपाटच सांगतं. खुला म्हणजे तो फुकट मिळतो, त्याच्या आतली रचना कोणालाही उघडून वाचता येते, आणि तो बिघडला तर भांडायला कोणी दुकानदार सापडत नाही. म्हणून मंडळ. सभासद एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणातून कपाटं दुरुस्त होतात.

बातमीपत्रात दोन सदरं असत, ‘बातम्या’ आणि ‘युक्त्या’. बातम्या सगळीकडून येत. युक्त्या मात्र संपादक स्वतः लिहीत. शिवाय ‘प्रश्न कसा विचारावा’ ही नियमावलीही त्यांचीच. आपल्याकडची आवृत्ती कोणती ते सांगा. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा द्या. आधी काय करून पाहिलंत ते लिहा. ‘अर्जंट’ हा शब्द वापरू नका. नव्या सभासदाचा पहिला प्रश्न आधी संपादकांकडे येई आणि त्याचा नियमांशी मेळ नसला, तर एका ठरलेल्या वाक्यासह माघारी जाई : ‘आपला प्रश्न नियमांस धरून नसल्याने परत पाठवण्यात येत आहे.’ या वाक्याचा मंडळात धाक होता. काही जण तर त्या भीतीने प्रश्न विचारायच्या ऐवजी स्वतःच उत्तर शोधत. संपादक याला आपलं शैक्षणिक कार्य समजत.

त्या महिन्याच्या अंकात ठळक बातमी होती ती डेटाबेसची नवी आवृत्ती आल्याची. ‘संपादक स्वतः ही आवृत्ती सर्वप्रथम बसवणार आहेत,’ असंही तिच्याखाली छापलं होतं. हे वाक्य संपादकांनीच तृतीयपुरुषी लिहिलं होतं, कारण स्वतःबद्दल प्रथमपुरुषी लिहिणं त्यांना बढाईखोर वाटे. युक्त्यांच्या सदरात अंक पाठवायच्या घाईत थोडी जागा रिकामी दिसली, ती त्यांनी अशी भरली : ‘नवी आवृत्ती सुरू झाली की जुनी लगेच काढून टाकावी. जागा वाचते.’

जगात अनेक गोष्टी रिकामी जागा भरण्यासाठी लिहिल्या जातात. सगळ्याच इतक्या महागात पडत नाहीत.

आता नवी आवृत्ती बसवायची कुठे? कारखान्यात संपादकांना प्रिंटरमध्ये कागद घालायचा असला तरी अर्ज करावा लागे. राहिला तो एकच कॉम्प्युटर, बायकोच्या दवाखान्यातला. त्यांची बायको प्राण्यांची डॉक्टर. दवाखाना तळमजल्यावर, घर वरच्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी संपादकांनी तिच्या जाड कार्डांवरच्या सगळ्या नोंदी डेटाबेसमध्ये चढवल्या होत्या आणि कार्डांचे तुकडे करून सशांच्या पिंजऱ्यात अंथरले होते. सशांनी त्या सुधारणेचं मनापासून स्वागत केलं होतं.

“अहो, चालतंय ते कशाला छेडता?” डॉक्टर म्हणाल्या. त्या चहाचं आधण ठेवत होत्या.

“छेडत नाही. अद्ययावत करतो.”

“उद्या सकाळी मॅनेजरची दाढ काढायची आहे. त्याच्या नोंदी लागतील मला.”

“तुझा चहा होईपर्यंत होतं.”

मॅनेजर हा शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा म्हातारा, थोराड कुत्रा. बँकवाल्यांनी आयुष्यभर मॅनेजरांची बोलणी खाल्ली होती. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुत्रा आणला आणि तेव्हापासून रोज सकाळी बागेत, चारचौघांच्या देखत, “मॅनेजर, खाली बस!” असं म्हणण्याचं सुख ते घेत होते. मॅनेजर बसत नसे. बँकवाले म्हणत, नावाचा गुण.

संपादक खाली गेले. नवी आवृत्ती बसली. कॉम्प्युटरने ‘यशस्वी’ असं लिहून दाखवलं. संपादकांनी समाधानाने डेटाबेसला विचारलं, आपल्याकडे प्राणी किती? उत्तर आलं, शून्य.

त्यांनी प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला. पुन्हा शून्य. कपाट होतं, नवं कोरं, चकचकीत, आणि दवाखान्याचं असूनही आत औषधालासुद्धा एक मांजर नव्हतं.

कोणी म्हणेल, माणसाने बॅकअप ठेवू नये का? ठेवला होता. बॅकअपवर संपादकांनी एक अख्खा अंक काढला होता. दवाखान्याचा कॉम्प्युटर रोज आपोआप सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवी. पण मध्यंतरी डिस्क भरली आणि प्रती निघायच्या बंद झाल्या. बंद झाल्याची सूचना कॉम्प्युटर रोज इमाने इतबारे ज्या पत्त्यावर पाठवत होता, तो पत्ता संपादकांनी जाहिराती फार येतात म्हणून बघायचं सोडून दिलं होतं. शेवटची धड प्रत गेल्या वर्षीची निघाली.

“चहा झाला,” जिन्यावरून आवाज आला. “तुमचं झालं?”

“होत आलंय.”

डॉक्टर कप घेऊन खालीच आल्या. “टेबलावर प्राणी असताना मी ‘होत आलंय’ म्हणाले ना, की मालक रडायला लागतात. काय झालंय ते सांगा.”

संपादकांनी सांगितलं. सांगताना ‘गेलं’ हा शब्द टाळला आणि ‘तूर्त दिसत नाही’ असं म्हटलं. डॉक्टरांनी कप टेबलावर ठेवला.

“मॅनेजरचा पंजा शिवला होता आपण, या वर्षीच. तेव्हा भुलीच्या औषधाने त्याचा श्वास अडकला होता. आठवतंय? धावपळ झाली होती नुसती. माझ्याकडे दोन औषधं आहेत. त्यातलं एक त्याला चालत नाही.”

“कुठलं?”

“तेच तर लिहून ठेवलंय! लिहिलं म्हणून डोक्यात ठेवलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात, आता डोकं मोकळं ठेव, सगळं डेटाबेसमध्ये आहे.”

“थोडे दिवस पुढे ढकलली दाढ तर?”

“मुळाशी पू झालाय. परवापासून अन्नाला शिवलेला नाही तो. उद्या काढायलाच हवी. आणि अंदाजाने मी त्याला सुई टोचणार नाही.”

त्यांनी बँकवाल्यांना फोन केला. बँकवाले फोनवर काही सांगण्याऐवजी मॅनेजरला घेऊन हजरच झाले. मॅनेजरचा एक गाल सुजून बोरासारखा नव्हे, चांगला पेरूएवढा झाला होता.

“औषध ना? पक्कं आठवतंय मला,” बँकवाले म्हणाले. “लाल झाकणाची बाटली होती.”

“दोन्हींना लाल झाकण असतं, काका.”

“मग तीच.”

एव्हाना मांजराच्या कानात घालायचे थेंब न्यायला दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका आल्या होत्या. परिस्थिती समजल्यावर त्या निघून जातील तर शपथ. “मी काय म्हणते, आधी जसं होतं तसंच परत करा ना,” त्या म्हणाल्या. हा सल्ला इतका बिनतोड होता की संपादकांना त्यावर बोलताच येईना. मग डॉक्टरांच्या भावाचा फोन आला. संपादकांच्या या मेहुण्याला संकटांचा वास लांबून येई.

“भावोजी, बंद करून चालू केलंत का?”

“केलं.”

“मग आता बंदच ठेवा. आणखी बिघडणार नाही.”

बँकवाले खुर्चीत ऐसपैस बसले. “आमच्याकडे असं झालं की आम्ही काउंटरवर ‘सिस्टीम बंद आहे’ अशी पाटी लावायचो. निम्मे लोक घरी जायचे. निम्मा प्रश्न तिथेच सुटायचा.”

“आणि उरलेला निम्मा?” शिक्षिकांनी विचारलं.

“ते दुसऱ्या दिवशी यायचे. तोवर माझी रजा असायची.”

“तुमच्या मंडळाला विचारा की,” डॉक्टर नवऱ्याला म्हणाल्या.

संपादकांनी खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली. मग म्हणाले, “अगं, संपादकांनी विचारायचं? अख्ख्या मंडळासमोर? म्हणजे सर्जनने भर चौकात थांबून विचारायचं, की हृदय नेमकं कुठल्या बाजूला असतं.”

“मी विचारलंय तसं. पहिल्यांदा कासव आलं होतं तेव्हा. फोन करून विचारलं आणि मग आत गेले.”

“कासवाची गोष्ट वेगळी.”

“कासवाला नव्हती वाटत वेगळी.”

मॅनेजर कण्हला. संपादकांनी कॉम्प्युटर पुढे ओढला आणि मंडळाच्या चर्चापानावर एक नवा सभासद जन्माला घातला. त्याचं टोपणनाव ठेवलं ‘नवशिक्या’. नवशिक्याने लिहिलं : ‘डेटाबेस अद्ययावत केल्यावर सर्व माहिती नाहीशी झाली आहे. काय करावे? अर्जंट.’ आवृत्तीचा आकडा मुद्दाम दिला नाही. तो दिला असता तर चोर लगेच सापडला असता, कारण ही आवृत्ती सर्वप्रथम कोण बसवणार, ते अंकात छापलेलंच होतं.

प्रश्न पाठवला. तो मंजुरीसाठी संपादकांकडे जाणार, हे संपादक जाणून होते. त्यांनी नवशिक्याचं खातं मिटलं आणि आपलं उघडलं. एक प्रश्न मंजुरीची वाट बघत होता. त्यांनी तो वाचला. आवृत्ती नाही. पडद्यावरचा संदेश नाही. आधी काय करून पाहिलं त्याचा पत्ता नाही. आणि वर ‘अर्जंट’. अनेक वर्षांची सवय बोटांत असते, डोक्यापर्यंत जातच नाही. टिंग असा आवाज झाला.

“काय आलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“प्रश्न परत आला.”

“कोणी पाठवला परत?”

“संपादकांनी.”

“म्हणजे?”

“...मी.”

बँकवाल्यांनी मान डोलावली. “माझा रजेचा अर्जही एकदा असाच माझ्याच टेबलावर आला होता. नामंजूर केला मी. नियमात बसत नव्हता.”

दुसऱ्या खेपेला संपादकांनी अभिमान गिळून आवृत्ती लिहिली, ‘शून्य नोंदी’ हा संदेश जसाच्या तसा दिला, ‘अर्जंट’ काढला आणि प्रश्न मंजूर केला. मग सगळे पडद्याकडे बघत बसले. पहिलं उत्तर गोदामवाल्याचं आलं. हा एका मोठ्या गोदामाचा डेटाबेस सांभाळी आणि सगळ्या जगाने त्याचं सामान चुकीच्या फळीवर ठेवलंय अशा सुरात बोले. ‘मागचे अंक वाचा,’ त्याने लिहिलं. पाठोपाठ दुसऱ्याचं : ‘संपादकांची नियमावली वाचावी. फार सुरेख लिहिली आहे.’ क्षणभर संपादकांना बरं वाटलं. तिसऱ्याने नवशिक्यांनी नव्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नये असं बजावलं. शेवटी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी लिहिलं, ‘थांबा, संपादक सांगतील. या आवृत्तीतलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.’

आणि पुढची उत्तरं थांबली. सगळं मंडळ संपादकांची वाट बघू लागलं. संपादकही बघत होते.

“झालं,” ते म्हणाले.

“नाही झालं,” डॉक्टर म्हणाल्या. “आमचे बाबा माहितीयेत ना तुम्हाला? वाट विचारली तर पेपरातून डोकं वर काढायचे नाहीत. पण आपण चुकीच्या वाटेला लागलो, की गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत मागे यायचे. तुम्हीच उत्तर द्या. तुमच्या नावाने. चुकीचं.”

“चुकीचं? माझ्या नावाने?”

“मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करायला लोक ताटावरून उठून येतात.”

“अगं, पण माझी इतक्या वर्षांची अब्रू...”

मॅनेजर उठला, दोन पावलं चालला आणि त्याने सुजलेला गाल संपादकांच्या पायावर टेकवला. तो गाल गरम होता. संपादकांनी लिहायला घेतलं.

अडचण अशी झाली की जन्मभर नियमाने वागलेल्या माणसाला ठरवून चूक करता येत नाही. संपादकांनी तीनदा चुकीचं उत्तर लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा ते खोडलं. शेवटी, निदान काहीतरी लिहायचं म्हणून, त्यांना मनापासून खरं वाटत होतं तेच त्यांनी लिहिलं. ‘आपल्या डिस्कवर जागा उरलेली नसावी, त्यामुळे माहिती नव्या आवृत्तीत आलेली नाही. माझ्या सदरातली युक्ती वापरावी. जुनी आवृत्ती काढून टाका. जागा होईल आणि माहिती येईल.’ हे लिहिता लिहिता त्यांना ते इतकं पटलं, की बाजूच्या खिडकीत त्यांनी जुनी आवृत्ती काढून टाकायचा हुकूमही लिहून तयार केला. आता फक्त एक कळ दाबायची होती.

“थांबा,” डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. “आधी कोणी ओरडतंय का ते बघू.”

“ओरडायला हे काही चुकीचं नाही—”

टिंग. टिंग टिंग. टिंग.

‘नको!!!’ गोदामवाल्याने लिहिलं होतं. ‘कळीला हात लावू नका!’ दुसऱ्या कोणी लिहिलं होतं, ‘संपादक, झोपेत आहात का?’ कोणी नुसतेच डोक्याला हात लावलेले चेहरे पाठवले होते. वर्षानुवर्षं मंडळात एक अक्षर न लिहिलेली माणसं बिळातून बाहेर आली. एकाने तर आपण पाच वर्षं या दिवसाची वाट बघत होतो असं स्पष्ट लिहिलं. बातमीपत्राच्या एकाही अंकाला इतका प्रतिसाद कधी आला नव्हता.

मग अध्यक्षबाईंनी शांतपणे समजावलं. ‘नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीतलं सामान आपण होऊन हलवत नाही. ती शेजारच्या खोलीत आपलं वेगळं, रिकामं कपाट मांडते. त्या खोलीच्या दाराला वेगळा क्रमांक असतो. नवशिक्या, तुम्ही रिकाम्या खोलीत उभं राहून सामान गेलं म्हणून ओरडताय. तुमचं सगळं सामान जुन्या खोलीत, जिथल्या तिथे आहे. जुन्या दाराचा क्रमांक देऊन बघा. फक्त ती खोली पाडू नका. काढून टाकताना कॉम्प्युटर विचारतो, माहितीही पुसू का? आणि घाईतला माणूस हो म्हणतो.’

संपादकांनी बाजूच्या खिडकीतला हुकूम एकेक अक्षर करून खोडला. आणि मग त्यांना त्याहून भयंकर गोष्ट आठवली. ती युक्ती छापून गेली होती! मंडळाच्या झाडून सगळ्या सभासदांना! हॉस्पिटलं, शाळा, गोदामं, कुठे कुठे कोणी कोणी ती वापरून खोल्या पाडून ठेवल्या असतील? त्यांनी घाईघाईने लिहिलं : ‘या महिन्याच्या अंकातली युक्ती कोणी वापरली आहे का? कृपया ताबडतोब कळवावे. अर्जंट.’

बराच वेळ काही आलं नाही. मग गोदामवाल्याने विचारलं, ‘कुठली युक्ती?’

‘मी बातम्यांपर्यंतच वाचतो,’ एकाने कळवलं.

‘युक्त्यांचं सदर अजून चालू आहे का?’ आणखी एकाने भाबडेपणाने विचारलं. ‘छान.’

एकानेही ती वाचली नव्हती. संपादक खुर्चीत मागे रेलले. इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला ते ज्यांच्यासाठी लिहीत होते, त्या वाचकांच्या आळसाने सगळ्यांना वाचवलं होतं. इतकं दुःख आणि इतकी सुटका एकाच वेळी झाल्याने त्यांना हसावं की काय ते कळेना, म्हणून त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला.

“अहो, दाराचा क्रमांक!” डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी जुन्या दाराचा क्रमांक दिला आणि विचारलं, प्राणी किती? पडदा भरून गेला. मांजरं आली, ससे आले, शिक्षिकांच्या मांजराच्या कानाचा सगळा इतिहास आला, एक कासव आलं आणि त्याच्या पाठोपाठ मॅनेजर. डॉक्टरांनी झुकून नोंद वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि कपाट उघडून लाल झाकणाची एक बाटली वरच्या फळीवर, हाताला सहज न लागेल अशी, मागे सारली.

“ही होती,” त्या म्हणाल्या. “मला दुसरीच वाटत होती.”

बँकवाल्यांनी मॅनेजरच्या मानेवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

“सांगितलं नव्हतं मी?” शिक्षिका म्हणाल्या. “आधी होतं तसंच परत करा म्हणून?”

संध्याकाळी संपादकांना अध्यक्षबाईंचा खासगी निरोप आला. ‘नवशिक्यांना आमचा नमस्कार सांगा. परत गेलेले प्रश्न अध्यक्षांनाही दिसतात, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न तुम्ही परत पाठवलात तो पाहिला. नियमाने तो परत जायलाच हवा होता. असा निःपक्षपाती संपादक मंडळाला पुन्हा मिळणार नाही.’ संपादकांनी तो निरोप बायकोला दाखवला नाही. तिने तो आधीच वाचला होता.

सोमवारी सकाळी मॅनेजरची दाढ निघाली. संपादकांनी कारखान्यात उशिरा येत असल्याचं कळवलं आणि दवाखान्यातल्या बाकावर बँकवाल्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघंही दाराकडे बघत होते. बँकवाल्यांनी एकदाच विचारलं, “श्वास ठीक असेल ना?” आणि संपादक “होत आलंय” म्हणणार होते, ते त्यांनी गिळलं. दार उघडलं. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला होता आणि त्या हसत होत्या. आत मॅनेजर पडल्या पडल्या डोळे किलकिले करून बघत होता. बँकवाले त्याच्या कानाशी वाकले.

“मॅनेजर,” ते हळूच म्हणाले, “बसू नकोस. झोप तू.”

मॅनेजर लगेच उठून बसला.

पुढच्या अंकात युक्तीची दुरुस्ती छापली गेली, पहिल्याच पानावर, बातम्यांच्याही वर. तो अंक गेला त्याच संध्याकाळी एका नव्या सभासदाचा पहिला प्रश्न मंजुरीसाठी आला. टोपणनाव होतं ‘मॅनेजर’. प्रश्न असा : ‘डेटाबेस म्हणजे नक्की काय असतं? आवृत्ती माहीत नाही. कुत्रा बरा आहे. अर्जंट.’

एकही नियम पाळला नव्हता. संपादकांचं बोट सवयीने ठरलेल्या वाक्याकडे गेलं, तिथे थबकलं, आणि मग त्यांनी प्रश्न मंजूर केला.